संयोगिताच्या नसा

माझ्या बायकोला दूध वर्ज्य आणि आमचा धंदा दुधाचा. देवाला विनोदबुद्धी आहे की नाही ठाऊक नाही, पण असलीच तर तिचा बराचसा भाग कोल्हापूरच्या वाट्याला आला आहे.

संध्याकाळ झाली की गंगावेशीत म्हशी येऊन उभ्या राहतात आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत त्याच्या पेल्यात धार काढली जाते. शहरात रिक्षा बिनआवाजाच्या झाल्या, घरोघरी भांडी घासायला यंत्रं आली, माणसं मतदानसुद्धा घरी पाटावर बसून करू लागली, पण हा दूध कट्टा कुणाला हलवता आला नाही. तिथं आमच्या दोन म्हशी असतात आणि त्यांची धार माझी बायको संयोगिता काढते. मी धैर्यशील चौगुले. शाळेत व्यायाम शिकवून निवृत्त झालो, पण गावात माझी खरी ओळख पैलवान अशीच. साठी जवळ आली तरी रोज सकाळी तालमीत जाऊन लाल माती अंगाला लावायची आणि पोरांशी दोन हात करायचे, हा माझा नेम होता.

संयोगिताच्या किडन्या रक्तदाबानं खाल्ल्या. डोकं दुखतंय म्हणायची, सुंठ उगाळून लावायची आणि कामाला लागायची. कळलं तेव्हा उशीर झाला होता. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. त्यासाठी हाताच्या दोन रक्तवाहिन्या जोडतात आणि त्या फुगाव्यात म्हणून पेशंटला रबरी चेंडू दाबायला देतात. आमच्या डॉक्टर नसीम मुजावर बोलायला गोड आणि वागायला हेडमास्तर. त्यांनी हिच्या हातात चेंडू दिला तेव्हा ही हसली आणि म्हणाली की मी रोज दोन म्हशी पिळते, हा कशाला? पुढं साऱ्या वॉर्डात हिच्या हाताची नस पहिल्या नंबरानं पास झाली, आणि तो चेंडू आमच्या रेडकानं खेळून फाडला.

अडचण हाताच्या नसेची नव्हती, बाकीच्या नसांची होती. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून ती समजावली. आपल्या रक्तात कॅल्शियम असतं आणि फॉस्फेट असतं. दोघांची गाठ पडली की त्याचे बारीक खडे होतात. हे हाडात झालं तर चांगलंच, पण रक्तवाहिनीच्या भिंतीत झालं तर घात. निरोगी माणसाच्या रक्तात काही प्रथिनं सतत गस्त घालत असतात. खडा धरायच्या आत ती त्या कणांना गुंडाळतात आणि वाटेला लावतात. किडन्या थकल्या की फॉस्फेट बाहेर पडत नाही, साचत जातं, आणि गस्तवाले कमी पडतात. मग एक विचित्र प्रकार होतो. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूंच्या पेशी आपलं आवळण्याचं आणि सैल होण्याचं काम विसरतात आणि हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात. स्वतःभोवती चुना रचतात. म्हणजे नसेचं अक्षरशः हाड होतं. अशी ताठ नस हृदयाला फार महागात पडते, आणि डायलिसिसवरचे पुष्कळ पेशंट किडनीनं नव्हे तर हृदयानं जातात.

"काकू, दुधात फॉस्फेट भरपूर," डॉक्टर शेवटी म्हणाल्या. "दूध प्यायलात तर नसांचं हाड होईल, एवढं एकच वाक्य लक्षात ठेवा."

हिनं ते फारच नीट लक्षात ठेवलं, हे मला पुढं कळलं.

नवीन औषध आलं ते याच दुखण्यावर. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, पण वॉर्डातले सगळे पेशंट त्याला लोणी म्हणत, कारण ते नसा मऊ ठेवायचं. डायलिसिस चालू असतानाच ते नळीतून रक्तात सोडत. प्रयोगशाळेत घडवलेलं एक प्रथिन, आणि त्याची कामं दोन. रक्तातल्या कणांना गुंडाळायचं, आणि भिंतीतल्या पेशींना त्या स्नायूच्याच आहेत याची सारखी आठवण करून द्यायची. हाडांना ते शिवत नसे, हीच त्यातली खरी करामत होती. फॉस्फेट मात्र ते कमी करत नसे. त्यासाठी पथ्य होतंच.

औषध लागू पडतंय का हे बघायला मनगटावर आणि घोट्यावर एकेक पट्टा बांधायचा. हृदयाचा ठोका नसांमधून लाटेसारखा जातो. नस मऊ असेल तर लाट सावकाश पोचते, ताठ असेल तर झटकन. दोन्ही पट्टे मिळून त्या लाटेचा वेग मोजत आणि मनगटावर रंग दाखवत. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे दवाखान्यात या. तोच रंग माझ्या फोनवरही दिसे. दिवसातून कितीदा तरी मी तो बघायचो आणि हिरवा दिसला की शेजाऱ्यांना दाखवायचो.

किडनी बदलायचा विषय निघाला तेव्हा शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी सगळं नसांवर आणून ठेवलं. नवी किडनी कमरेतल्या मोठ्या नसेला शिवायची असते, आणि चुना साठलेल्या नसेत सुई जात नाही. हिच्या तिथं थोडा चुना धरलेला होता. तो वाढला तर शस्त्रक्रिया विसरा, वर्षभर होता तेवढाच राहिला तर करू, असं ते म्हणाले. मग द्यायची कोणी? माझं रक्त तपासलं. जुळलं.

मला जो आनंद झाला तो मी आयुष्यात एकदाच, पहिली मोठी कुस्ती मारली तेव्हा, अनुभवला होता. मी दवाखान्यातून घरी गेलोच नाही. तडक तालमीत गेलो, पेढे मागवले आणि मारुतीसमोर सांगून टाकलं की मी माझ्या बायकोला किडनी देणार आहे. पोरांनी मला खांद्यावर घेतलं. आता कोल्हापुरात एखादी गोष्ट झाली आणि तिचा फ्लेक्स लागला नाही, तर ती झाली असं कोणी मानत नाही. दुसऱ्या दिवशी चौकात दिव्यांचा भला मोठा फलक झळकला. मध्ये काळा चष्मा घातलेला मी, शेजारी पाळण्यातल्या बाळाएवढी माझी किडनी, आणि खाली मजकूर: 'पत्नीस किडनीदान करणारे आदर्श पती पैलवान धैर्यशील सर यांचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक, समस्त तालीम मंडळ.' कोपऱ्यात हिचाही फोटो होता, तिकिटाएवढा. संयोगिता म्हशी घेऊन त्या फलकाखालून गेली, वर बघितलं, आणि मान खाली घालून म्हशींना हाकू लागली. मला वाटलं, भरून आलं असेल.

त्या दिवसांत वॉर्डात एक वेगळीच खळबळ चालू होती. पूर्वी बहुतेक पेशंटांच्या नसा इतक्या खराब होत की किडनी बदलायचा प्रश्नच उद्भवत नसे. भाऊ, मुलगे, जावई सगळे छातीवर हात ठेवून म्हणत, आम्ही हसत दिली असती हो, पण डॉक्टरच नको म्हणाले. लोण्यानं ही सोय मोडीत काढली. नसा मऊ राहू लागल्या, डॉक्टर हो म्हणू लागले, आणि छातीवरचे हात हळूच खाली आले. एका आजोबांचे दोन्ही मुलगे एकाएकी परगावी कामाला गेले. एका बाईची नणंद, जिच्याशी तिचा वर्षानुवर्षं अबोला होता, ती मात्र न बोलावता येऊन रक्त तपासून गेली. आम्हा नवराबायकोला असलं काही नाही म्हणून मी निर्धास्त होतो.

मग एके दिवशी डॉक्टरांचा फोन आला. संयोगिताच्या रक्तातलं फॉस्फेट वाढलं होतं, थोडंथोडकं नव्हे, चांगलंच. मी म्हणालो, पट्टा तर हिरवा आहे. डॉक्टर म्हणाल्या, तेच तर कोडं आहे. त्यांनी पट्टा बिघडला असेल म्हणून बदलून दिला. नवाही हिरवाच. फॉस्फेट पुढच्या तपासणीत आणखी वर. हिला रात्रंदिवस खाज सुटू लागली. लाकडी फणीनं पाठ खाजवत बसायची. फॉस्फेट वाढलं की असंच होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि घरात काय खाल्लं जातंय त्यावर नजर ठेवा म्हणाल्या.

मी नजर ठेवली. स्वयंपाकघरात फरसाण बंद केलं, फ्रीजला कुलूप लावलं. कट्ट्यावर तिच्या मागं उभा राहून धार मोजू लागलो. काढलेलं सगळं दूध गिऱ्हाइकाच्या पोटात जात होतं, तिनं थेंब तोंडाला लावला नाही. उलट मलाच म्हणाली, "पोलीस व्हायचं ऱ्हाऊन गेलं व्हय तुमचं?"

कोडं फोडलं सागर बिडकरनं. मिरजकर तिकटी नावाच्या चौकात हा म्हशी उभ्या करतो. आमचं नि त्याचं जुनं वैर, कोणाच्या दुधाला फेस जास्त यावरून. रस्त्यात भेटला आणि मिशीतल्या मिशीत हसत म्हणाला, "सर, वैनी रोज येत्यात आमच्याकडं. मोठा पेला घेत्यात. घरचं दूध पातळ झालं काय?"

खरं सांगतो, त्या क्षणी मला हिच्या नसांची काळजी वाटायला हवी होती. पण आधी राग आला तो बिडकरच्या दुधाचा. चौगुल्यांची सून बिडकरचं दूध पिते. मी पाय आपटत घरी गेलो.

ती गोठ्यात वैरण टाकत होती. मी विचारलं तर तिनं आढेवेढे घेतले नाहीत. हो म्हणाली, रोज पिते. घरचं प्यायले असते तर तुम्हाला लगेच कळलं असतं, म्हणून तिकडं जाते. मी म्हणालो, तुला जिभेचा एवढा मोह आवरत नाही? त्यावर ती बुट्टी खाली ठेवून माझ्याकडं वळली.

"मोह कसला, मळमळतंय मला त्यानं. नसांचं हाड होऊ दे म्हणून पितोय."

आमच्याकडं बायका मनातलं बोलू लागल्या की पुरुषासारख्या बोलतात, पितोय, जातोय. मला काही सुधरेना. तिनंच मग सगळं सांगितलं. नसा ताठ झाल्या की डॉक्टर शस्त्रक्रिया नको म्हणतील. डॉक्टर नको म्हणाले की कोणाचं मन मोडत नाही, कोणाला तोंड दाखवायची चोरी होत नाही. तिला माझी किडनी नकोच होती.

मी खाली बसलो. एवढंच म्हणालो की आधी का नाही बोललीस.

"कुणाला बोलू? तुम्ही तालमीला सांगिटलं, चौकात लावलं. मला इचारलं व्हय? आता मी नको म्हटलं तर समदं गाव म्हणणार, देवमाणूस किडनी द्यायलाय आणि हिची मिजास बघा."

मी म्हणालो, अगं, तुझ्यासाठीच केलं ना. ती म्हणाली, माझ्यासाठी होतं म्हणूनच मला विचारायचं होतं. मग तिचा आवाज खाली आला.

"तुम्ही रोज त्या पोरांच्या खाली-वर पडताय. एखाद्याचा गुडघा कुशीत बसला आणि उरलेली एक गेली, मग? दोघं शेजारी-शेजारी त्या मशीनवर पडायचं? दोघांतलं एक तरी धड ऱ्हाऊ दे."

मी बुट्टीतली उरलेली वैरण म्हशीपुढं सारली. म्हैस आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत रवंथ करत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टर मुजावरांकडं गेलो. हिनं स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी आधी कपाळावर हात मारला, मग त्यांना हसू आवरेना, आणि मग त्यांनी हिच्या कमरेचा नवा स्कॅन मागवला. तो पडद्यावर लावून त्यांनी जुन्या स्कॅनशी ताडून बघितला. वर्ष भरत आलं तरी जुना चुना होता तेवढाच होता. त्यात कणाचीही भर नव्हती. बाकी साऱ्या नसा तरण्या पोरीसारख्या मऊ.

डॉक्टर म्हणाल्या, "इतकं फॉस्फेट रक्तात असताना हे औषध टिकतं का, हे आम्हाला कधीच तपासता आलं नसतं. असा प्रयोग करायला कुठल्याही समितीनं परवानगी दिली नसती. काकूंनी तो स्वतःवर करून टाकला."

मग त्यांनी हेडमास्तरांचा सूर लावला. नसा वाचल्या, पण फॉस्फेटनं बाकी नुकसान करायला सुरुवात केली होती. गळ्यातल्या ग्रंथी चेकाळल्या होत्या आणि त्या हाडांतला चुना ओढून काढत होत्या. असंच चालू ठेवलं तर नसा मऊ आणि हाडं पोकळ, अशी गत होईल. दूध आजपासून बंद. हिनं निमूटपणे मान हलवली. तिचा डाव फसला होता, आणि खेळ संपला की ती तक्रार करत नाही, हा तिचा स्वभाव मला ठाऊक आहे.

डॉक्टरांनी खुर्ची हिच्याजवळ ओढली. "काकू, आधी शरीरच नाही म्हणायचं आणि माणसं सुटायची. या औषधानं तुमचं निमित्त काढून घेतलंय. आता हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण ते तुम्हालाच म्हणावं लागेल. नाही म्हणालात तरी मी तुमच्या बाजूनं उभी राहीन, सरांची समजूत मी घालेन."

संयोगितानं थोडा विचार केला आणि एकच प्रश्न विचारला. एक किडनी दिल्यावर ह्यांनी कुस्ती खेळलेली चालेल का?

नाही, डॉक्टर म्हणाल्या. चालणं, फिरणं, जोर-बैठका सगळं चालेल. पण आखाड्यात उतरायचं नाही, कधीच. उरलेल्या किडनीला मार बसायचा धोका घ्यायचा नाही.

दोघीही माझ्याकडं बघू लागल्या. आणि मी, ज्यानं पेढे वाटले होते, ज्याचा फोटो चौकात दिव्यांनी उजळला होता, तो जमिनीकडं बघत बसलो. किडनी आत कुठंतरी असते, ती मी कधी पाहिलेली नव्हती. ती देऊन टाकायला मला काहीच वाटलं नव्हतं. पण सकाळी मातीत पाय रुतवून उभं राहायचं नाही, घामानं भिजलेली माती अंगावरून ओघळू द्यायची नाही, कोवळ्या पैलवानाच्या मानेवर हात टाकून त्याचं वजन जोखायचं नाही, हे मात्र मला देववेना. आदर्श पतीनं घरी परत येताना चौकातल्या फलकाकडं बघायचं टाळलं.

पुढचे काही दिवस मी वाटाघाटी केल्या. कमरेला कवच बांधून खेळलो तर? हल्ली वजनाला हलकी, दणकट कवचं मिळतात. फक्त लहान पोरांशी खेळलो तर? नुसताच डाव दाखवायला उतरलो तर? ती ऐकून घ्यायची आणि कामाला लागायची. तिनं दूध बंद केलं होतं, गोळ्या वेळेवर घेत होती, खाज कमी झाली होती. रागावलेली दिसत नव्हती, हेच मला जास्त टोचत होतं.

एकदा डायलिसिस चालू असताना मी तिच्या उशाशी बसलो होतो. तिनं डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोपली, पण ती तशीच बोलली, "नका सोडू आखाडा. माझं काय, तीन दिवस मशीन, चार दिवस म्हशी. बरं चाललंय. मनापासून म्हणतो मी."

ती हट्ट धरून बसली असती तर मी अजून महिनाभर तणतणलो असतो. तिनं मोकळं सोडलं आणि मला पळायला जागाच राहिली नाही. मी तिच्या मनगटावर बोटं ठेवली. पट्ट्याचा रंग बघितला नाही. नुसता ठोका बोटाखाली येत होता आणि जात होता, आणि मला अगदी स्पष्ट कळलं की मला काय हवं आहे. ही बाई मला हवी आहे. माती नंतर.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तालमीत गेलो. पोरं नव्हती. मातीला हात लावून कपाळाला लावला, मारुतीला नमस्कार केला, आणि खुंटीवरचा माझा लंगोट काढून पिशवीत टाकला. डोळ्यांत पाणी आलं, ते येऊ दिलं. तालमीच्या वस्तादांना घरी गाठून सांगितलं की यापुढं मी काठावर बसून शिकवणार, आत उतरणार नाही, आणि ही गोष्ट कृपा करून कुठं झळकवू नका. वस्ताद जुने माणूस. जेवून जा म्हणाले. मी थांबलो नाही, कट्ट्यावर निघालो.

गंगावेशीत गर्दी होती. संयोगिता म्हशीच्या कुशीला डोकं टेकवून धार काढत होती. शेजारी पेले घेऊन गिऱ्हाइकं उभी होती. मी तिच्या जवळ उकिडवा बसलो आणि हळू आवाजात म्हणालो की आखाडा सोडला, वस्तादांना सांगून आलो. तिचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू लागले. धारेचा आवाज सारखा येत राहिला. मला वाटलं, एवढ्यावरच संपलं. मी उठणार, इतक्यात ती बोलली. डोकं म्हशीला टेकलेलंच होतं, माझ्याकडं बघितलंही नाही.

"अहो, मला तुमची एक किडनी द्याल का?"

एवढे दिवस मी साऱ्या गावाला देतो देतो म्हणत फिरलो होतो, आणि मागितली मात्र कोणीच नव्हती. मी नुसती मान हलवली. तिचं लक्ष सडाकडं होतं, तिला ते दिसलं नाही. ती हात न थांबवता वाट बघत राहिली.

मग मी घसा खाकरला आणि शेजारच्या गिऱ्हाइकांनी वळून बघितलं तरी चालेल एवढ्या मोठ्यानं म्हणालो, "देतो."